राहतं घर

कचरा दारात येऊ नये म्हणून आमच्या वस्तीनं माझ्या आईला दाराबाहेर नेऊन ठेवलं. हे मी सरांच्या तोंडावर बोलले आहे, पार्लरमध्ये गिऱ्हाइकांसमोर बोलले आहे आणि वहिनीला तर मुद्दाम फोन करून ऐकवलं आहे. कुणाला झोंबत असेल तर झोंबू दे.

आणि वस्तीजवळ येऊ घातलेल्या कचऱ्याच्या कारखान्याच्या बाजूची मी होते असं कुणी समजू नका. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलाच एक कचरा प्रक्रियेचा कारखाना आहे. 'प्रक्रिया' हा शब्दच कसा धुऊन वाळत घातल्यासारखा आहे, नाही? तिथली एक बाई माझ्याकडे केस कापायला यायची. दोनदा शाम्पू केला तरी तिच्या केसांचा वास जायचा नाही. मी काही बोलले नाही, पण तीच आरशात बघून म्हणाली, "ताई, आम्हाला आता येतच नाही तो. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला की आठवण होते." त्या दिवसापासून मी मोर्चात पहिल्या रांगेत. घोषणा देऊन देऊन माझा घसा बसला होता.

आमच्या वस्तीच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. बंद पडून जमाना झाला, आता नुसतं पाणी साचलेलं असतं. तिच्या पलीकडच्या माळावर हा नवा कारखाना येणार होता. राहत्या घरापासून ठरावीक अंतराच्या आत असला कारखाना बांधता येत नाही, हा नियम सरांनी शोधून काढला. सर म्हणजे आमच्या विरोध समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, पण अजून समोर वर्ग भरलाय असंच त्यांना वाटतं. नियम सापडला, आम्ही टाळ्या पिटल्या. मग माळाच्या हद्दीपासून दोरी लावून मोजलं तर वस्तीचं शेवटचं घर अंतराच्या जरासं बाहेर पडलं. जरासंच. तिथे घोडं अडलं.

सभेत सगळे गप्प झाले तेव्हा मागच्या बाजूनं आमचा दादा उठला. दादा छापखान्यात होता. छापखाना बंद पडला तेव्हापासून घरीच. वहिनीच्या पगारावर घर चालायचं आणि दादा सभेत खुर्च्या मांडायचा, खुर्च्या उचलायचा. कुणी त्याला कधी काही विचारत नसे.

"खाणीच्या कडेला आमची खोली आहे," दादा म्हणाला. "आईच्या नावावर आहे. ती अंतराच्या आत येईल."

वडील खाणीवर मुकादम होते तेव्हा त्यांनी ती बांधली होती. एक खोली, एक मोरी, वर पत्रा. आम्ही दोघं भावंडं तिथेच लहानाची मोठी झालो. नंतर वस्तीत घर घेतलं आणि ती तशीच पडून राहिली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "रिकामी खोली चालणार नाही," ते म्हणाले. "राहतं घर पाहिजे. शेगडी, अंथरूण, माणूस. आणि माणूस शक्यतो तोच, ज्याच्या नावावर घर आहे. पाहणीला अधिकारी न सांगता येतात."

सगळ्या माना आईकडे वळल्या. मला आजही त्या माना दिसतात.

"मी जाते की," आई म्हणाली. "माझंच तर घर आहे."

"आई, तुझा दमा," मी म्हटलं.

"दमा काय, मी जाईन तिथे येतोच माझ्यामागे. त्याला कुठे वेगळं बोलवावं लागतं?"

सभा हसली. टाळ्या पडल्या. दादाला त्याच दिवशी समितीचा सेक्रेटरी केलं. घरी जाताना तो छाती काढून चालत होता, आणि आई त्याच्याकडे बघत चालत होती.

आईला पोचवायला अख्खी वस्ती आली. कुणी पलंग उचलला, कुणी शेगडी, कुणी नुसताच हात हलवत. कर्ण्यासारख्या आवाजामुळे ज्यांना सगळे भोंगे म्हणतात ते आमचे इस्त्रीवाले शेजारी वाटभर घोषणा देत होते. डब्याच्या पाळ्या लागल्या. सुरुवातीला इतके डबे यायचे की आई म्हणायची, "अगं, मला राखण म्हणून ठेवलंय की कापायला?" बायका भाजी निवडायला तिथेच जाऊन बसायच्या. आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मलाही वाटलं, चला, बरं झालं, घरात टीव्हीसमोर बसून काय करत होती?

पण माणसाचा उत्साह किती टिकणार! डबे उशिरा यायला लागले. मग एखाद्या दिवशी यायचेच नाहीत, प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्यानं दिला असेल. पार्लर बंद करून मी रोज संध्याकाळी जायची. दादा रात्री झोपायला जायचा, पण समितीच्या बैठका इतक्या लांबायला लागल्या की तो तेही टाळायला लागला.

आणि मग थंडी आली. खाणीच्या बाजूची भिंत पाणी ओढायला लागली. एक दिवस मी पलंगावर बसले, मागे टेकले, तर ब्लाउज ओला. गादी उलटली तर खालून बुरशी. आईचा पलंग दुसऱ्या भिंतीला लावावा तर तिथे पत्र्याखालून वारा. खोलीत पाऊल टाकलं की ओल्या फडक्याचा वास यायचा. आईचा खोकला आधी रात्रीचा होता, तो दिवसाचाही झाला.

मी समितीत जाऊन तोंड सोडलं. "भिंतीला बाहेरून प्लास्टर करा. पत्रा बदला. माझ्या गिऱ्हाइकाचा नवरा गवंडी आहे, तो उद्या यायला तयार आहे."

"तसं करू नका," सर म्हणाले. "विचार करा जरा. अधिकाऱ्याला नवं प्लास्टर दिसलं की तो काय म्हणेल? ही खोली कालपरवा थाटली. आपला सगळा मुद्दाच कोसळेल. घर जुनं, वापरातलं दिसलं पाहिजे."

"आणि आतलं माणूस?"

"फक्त पाहणीपर्यंत. पाहणी झाली की राजवाड्यासारखं करून देऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दादानंही. भोंग्यांनी तर पुढची अक्कल लढवली, खिडकीला मी लावलेलं प्लास्टिकसुद्धा काढा म्हणाले, कारण ते फार नवं दिसतं. आणि ते काढलं! माझ्या मागे, मी पार्लरमध्ये असताना येऊन काढलं. मी खिळे आणून परत ठोकलं, तर दादा म्हणाला, "अगं, तू एकटीच शहाणी का? एवढी माणसं विचार करतायत ना."

मी म्हटलं, तिच्याऐवजी मी राहते. सर म्हणाले, तुमचं वस्तीत घर आहे, दुकान आहे, सगळ्या गावाला माहीत आहे, तुम्हाला कोण तिथलं समजेल? झालं.

शेवटी एका रविवारी मी गाडी घेऊनच गेले. आईची पिशवी भरली, औषधं भरली, शाल तिच्या खांद्यावर टाकली. "चल," म्हटलं. "गाडी दारात उभी आहे."

आई पलंगाच्या काठावर बसली होती. उठली नाही.

"ऊठ ना गं."

"दादाला विचारलंस?"

"दादाला कशाला विचारायचं? तू काय त्याची सतरंजी आहेस?"

"ओरडू नकोस," आई म्हणाली. दोन वाक्यांमध्ये तिला थांबावं लागत होतं. "त्याला किती वर्षांनी कुणी विचारतंय बघ. सर घरी येतात त्याच्या. परवा मला म्हणाला, आई, आज मी बोललो सभेत. लहानपणी शाळेत नंबर आल्यावर सांगायचा ना, तसं." ती खोकली. खोकला थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत राहिले. हाताला नुसती हाडं लागत होती. "मी आले तर ते लोक त्याला तोंड दाखवू देणार नाहीत. त्यानं म्हणू दे. तो म्हणाला की येते. लगेच येते."

मी गाडी परत पाठवली. त्या दिवशी मला आईचा इतका राग आला होता की मी तिला जेवायलाही वाढलं नाही, डबा नुसता उघडून ठेवला आणि निघून आले. वाटेत रडले.

तर आता सगळं दादाच्या एका शब्दावर होतं. तो शब्द त्याच्या तोंडून काढायला मी काय नाही केलं! समजावलं, शिव्या दिल्या, त्याच्या दारात बसून राहिले. डॉक्टरांना खोलीवर घेऊन गेले. त्यांनी आईला तपासलं आणि दादाच्या देखत सांगितलं, हिला या ओलीतून बाहेर काढा, औषधांचा उपयोग नाही. दादानं मान खाली घातली. डॉक्टर गेल्यावर म्हणाला, "पाहणी पुढच्या आठवड्यात आहे असं सर म्हणतात. एवढे दिवस काढले, आता तोंडाशी आलेला घास सोडायचा?"

पाहणी पुढच्या आठवड्यात झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका दुपारी सरांना ऑफिसातल्या कुणीतरी कळवलं, उद्या येतायत. वस्तीत एकच धावपळ. मी संध्याकाळी गेले तर आईला ताप होता, पण डोळे चमकत होते. "उद्या सकाळी लवकर ये," म्हणाली. "केस नीट करून दे माझे. साहेबलोकांसमोर भुतासारखी नको दिसायला."

"उद्या संध्याकाळी तू घरी असशील," मी म्हटलं.

"हो गं बाई, हो. तुझं ऐकते एकदाची."

मी थांबते म्हटलं तर म्हणाली, दादा येणार आहे झोपायला. मी गेले. दादा आला नाही. समितीची बैठक चालली, फलकांवर काय लिहायचं यावर. त्यानं सकाळी जाऊ म्हटलं.

सकाळी मी कंगवा, कात्री आणि रंगाची वाटी घेऊन पोचले, तर दादा पायरीवर बसला होता. हातात चहाचा थर्मास, झाकणसुद्धा न उघडलेला. सर उभे होते, भोंगे उभे होते. भोंगे गप्प आहेत म्हटल्यावर मी दादाला ओलांडून आत शिरले.

आई भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. शाल पायाशी गोळा झाली होती. मी हात लावला. गार. कोपराशी आखडलेली.

मी किंचाळले असणार, कारण सरांनी घाईनं दार लोटलं. "ताई, ताई, ऐका," ते म्हणत होते. "फार वाईट झालं. फारच वाईट. पण ते लोक निघालेत. अर्ध्या तासात पोचतील. नंतर आपण सगळं रीतसर करू. फक्त अर्धा तास."

"काय अर्धा तास?"

"माणूस राहतंय एवढंच त्यांना बघायचंय. त्या झोपल्या आहेत असं..."

मी त्यांच्या अंगावर धावून गेले. वाटी फुटली. भोंग्यांनी मला धरलं. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग दादा आत आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला.

"तिनं एवढे महिने काढले," तो म्हणाला. "आज सांगितलं तर ते सगळं मातीत जाईल. ती कशासाठी गेली मग? सांग तू. तूच सांग, कशासाठी गेली?"

मला उत्तर सुचलं नाही. हेच मला अजून खातं. एवढं चुरूचुरू बोलणारं माझं तोंड, आणि त्या वेळी त्यातून शब्द निघाला नाही. मी पलंगावर बसले. आईचे केस मोकळे केले, गुंता सोडवला, विंचरले, मागे बांधले. आम्ही तिला सरळ करायला बघितलं, ती होईना, म्हणून तशीच कुशीवर ठेवली आणि शाल गळ्यापर्यंत ओढली. शेगडीवर दादानं पाणी ठेवलं. घर वापरातलं दिसलं पाहिजे ना.

गाडीतून एक तरुण अधिकारी बाई उतरल्या आणि त्यांच्याबरोबर मोजणीचा माणूस. बाई दारात आल्या, पलंग बघितला.

"आजारी आहेत का?"

"रात्रभर खोकत होती," दादा म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

त्या बाईंनी लगेच बूट काढले. मोजणीच्या माणसाला तोंडावर बोट ठेवून खूण केली. दोघं चवड्यांवर चालत आत आली. सर कुजबुजत शेगडी दाखवत होते, मोरी दाखवत होते, खुंटीवरचे आईचे कपडे दाखवत होते. बाई मात्र भिंतीपाशी थांबल्या. तळहात लावला, काढला आणि ओल्या हाताकडे बघत राहिल्या. मग गादीच्या कडेखाली बोटं घातली. त्यांची बोटं आईच्या पाठीपासून वीतभर लांब होती. मला वाटत होतं, लावा हो हात, लावा एकदाचा. पण आजारी म्हातारीची झोप मोडू नये म्हणून त्यांनी हात मागे घेतला.

बाहेर अंगणात येऊन त्यांनी बूट घातले. सगळी वस्ती लांब उभी होती.

"हे खरंच राहतं घर आहे, माझी खात्री पटली," त्या म्हणाल्या. सरांचा चेहरा फुलला. "पण नियमात राहण्यालायक घर धरतात. ही जागा राहण्यालायक नाही असं मी नोंदवणार आहे."

सरांना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे अंतर मोजताना ही खोली धरली जाणार नाही. मला माफ करा, तुमची अडचण मला समजते. पण मी ही राहती म्हणून लिहिली तर निकाल लागेपर्यंत तुम्ही आजींना याच भिंतीशेजारी ठेवाल. आणखी वर्षभर. मला ते लिहवत नाही."

"आम्ही प्लास्टर करतो मॅडम! याच आठवड्यात! गवंडी तयार आहे!"

"मग आजवर का नाही केलंत?" बाईंनी विचारलं. आवाज चढवून नाही, अगदी खरोखर विचारावं तसं. सर चष्मा काढून पुसायला लागले.

बाई माझ्याकडे वळल्या. मी मुलगी आहे हे त्यांनी ओळखलं असावं. "आजींना आजच घरी न्या," त्या म्हणाल्या. "उठल्या की सांगा त्यांना, आता इथे राहायची गरज नाही."

"नेतो," मी म्हटलं. "आजच नेतो आम्ही." मला हसू येत होतं. खरं सांगते, पोटातून हसू येत होतं आणि मी पदर तोंडात कोंबून उभी होते.

गाडी सुरू झाली तसे सर मागे धावले, भोंगे धावले, मग बाकीचे. मॅडम, मॅडम, एक मिनिट! सगळे वळणापर्यंत गेले. वळणावरून कुणी परत आलं नाही. तिथूनच आपापल्या घरी गेले असतील, नाहीतर पुढची सभा घ्यायला. आईला उचलायला उरलो आम्ही दोघं.

दादा आत गेला. मी दारातून बघत होते. त्यानं शेगडी बंद केली. मग तो पलंगापाशी गुडघ्यांवर बसला, आईच्या कानाजवळ तोंड नेलं.

"आई," तो म्हणाला. "चल. घरी जाऊ."

मी आत गेले आणि त्याला मारलं. पाठीत, डोक्यात, हात दुखेपर्यंत मारलं. त्यानं एकदाही हात वर केला नाही. मग मी दमले. तो उठला, शाल नीट गुंडाळली आणि म्हणाला, तू पायाकडून धर.